तेरा नावं

अपंगत्व पेन्शनचा अर्ज दोनदा फेटाळला गेला, म्हणून अपिलाच्या सुनावणीला या वेळी लेकही सोबत आली होती. बाबा सैन्यात जखमींची मलमपट्टी करायचे. आता त्यांच्या उजव्या हातानं शर्टाचं बटणही लागत नव्हतं.

अध्यक्षांनी छावणीच्या दवाखान्याची जुनी वही पुढं सरकवली. "छावणीवरच्या हल्ल्याच्या दिवशी तेरा जखमींची नोंद आहे. त्यात तुमचं नाव कुठंय?"

"राहून गेलं, साहेब."

लेकीनं कपाळाला हात लावला. घरीही यांचं हेच. सगळ्यांचं बघून झालं की स्वतःचं राहून जायचं.

"आणि ही नोंद तरी कसली? पहिली चार नावं मोत्यासारखी, पुढं नुसते कोंबडीचे पाय. कुणाला वाचता तरी येईल का?" अध्यक्षांनी विचारलं.

लेकीनं वही ओढून घेतली आणि खालची नऊ नावं घडाघडा वाचून दाखवली. "माझ्या प्रगतिपुस्तकांवर दरवर्षी याच अक्षरात सही असायची. हे बाबांचंच अक्षर आहे."

"मग वरची चार कुणी लिहिली?"

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"तीही मीच, साहेब. तोवर उजवा हात धड होता."