पन्नासाला एक कमी

"राजाचा शिक्का आणलास?" सेनापती द्वान ख्वेईंनी विचारलं.

जी लौ अजून घोड्यावरून उतरलाही नव्हता. सकाळपासूनची त्याची ही तिसरी खेप. डोंगरापलीकडे छिनच्या ज्या किल्ल्याचा तो नायक होता, त्याला शेजारच्या झाओ राज्याच्या फौजेनं तीन बाजूंनी वेढलं होतं. आणि इथं खिंडीत, सहा राज्यं जिंकायला निघालेल्या त्याच छिन राज्याचे पाच हजार सैनिक बाजरीची पेज ओरपत बसले होते.

"शिक्का राजाकडं, राजा राजधानीत, राजधानी चार दिवसांवर!" तो ओरडला. "चार दिवसांनी काय वेचायला येणार तुम्ही, हाडं?"

द्वान ख्वेईंनी समोरचा कांस्याचा वाघ उचलून दाखवला. शिक्का म्हणजे हाच, उभा चिरलेला, अर्धाच. दुसरा अर्धा राजाजवळ असायचा. "पन्नास किंवा जास्त माणसं हलवायची, तर दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत. कायदा मी केलेला नाही, बाबा. हां, इशाऱ्याच्या बुरुजावर धूर दिसला, तर न विचारता निघता येतं."

"बुरुज काल झाओवाल्यांनी घेतला. आता काय, त्यांनी जाळ करून तुम्हाला बोलवायचं?"

"मग धूर नाही."

"तो काय तिकडं! दिसत नाही?"

"ते तुमचं कोठार जळतंय." आता द्वान ख्वेईंचाही आवाज चढला. "माझ्या आधीचे सेनापती असेच न विचारता धावले. लढाई जिंकले. त्यांचं डोकं वेशीवर टांगलं, घरची अकरा माणसं खाणीत गेली. माझ्या घरी नऊ आहेत. आणखी काही विचारायचंय?"

जी लौनं उतरून शिरस्त्राण जमिनीवर आपटलं. "पन्नास नकोत मला. एकोणपन्नास द्या. त्यांना घेऊन मरायला तरी जातो."

द्वान ख्वेईंनी हातातला वाघ खाली ठेवला. मग त्यांनी लेखनिकाला हाक मारली. "कायदा वाच. पन्नासाच्या आतल्या तुकड्या किती पाठवाव्यात, असं काही लिहिलंय?"

म्हाताऱ्या लेखनिकानं बांबूच्या पट्ट्या उलगडून दोनदा वाचल्या. "तुकड्यांचं काही नाही."

"मग लिही. पहिली तुकडी, एकोणपन्नास माणसं, सरपण आणायला, किल्ल्याच्या बाजूला. दुसरी, एकोणपन्नास, हरवलेला बैल शोधायला. दुसऱ्या वाटेनं."

"बैल हरवलाय?"

"एक सोडून दे. हरवेल."

विसाव्या तुकडीला कारणं संपली. मग लेखनिकच सुचवू लागला: अळंबी, औषधी मुळ्या, ओढ्यात वाहून गेलेलं पातेलं. जी लौ येरझारा घालत होता. "अहो, लिहिताय काय! निघा की!" पण सगळ्या तुकड्यांचं लिहून मोहोर उठल्याशिवाय द्वान ख्वेईंनी एक माणूस हलू दिला नाही, आणि दोन तुकड्या एका वाटेनं जाऊ दिल्या नाहीत.

झाओचा सेनापती मोठ्या वाटेच्या तोंडाशी दबा धरून बसला होता. त्या वाटेनं कोणी आलंच नाही. उन्हं कलताना मात्र प्रत्येक घळीतून, डोंगराच्या प्रत्येक सोंडेवरून छिनचे भाले वर येताना दिसले. एवढ्या वाटांनी येणारी फौज केवढी असेल, याचा अंदाज घ्यायलाही तो थांबला नाही. तंबू तिथंच टाकून त्यानं माघार घेतली.

जी लौ पहिल्या तुकडीबरोबर किल्ल्यात शिरला. तटाच्या पायथ्याशी मृतांची रांग लावली होती. पांघरायला चटया पुरल्या नव्हत्या. यातले निम्मे तर तो पहिल्या खेपेला निघाला तेव्हा तटावर उभे होते, त्याला हात करत होते.

शेवटच्या तुकडीबरोबर लेखनिक आला. धापा टाकत त्यानं कोरी पट्टी काढली, कुंचला शाईत बुडवला.

"राजधानीला कळवायचंय, नायक. तुमची किती गेली?"

जी लौ रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"तीनशे बारा."

म्हाताऱ्यानं कुंचला पट्टीला लावला.

"एकदम लिहू नका," जी लौ म्हणाला. "एकोणपन्नास-एकोणपन्नास करून लिहा."