रंग खरडायचा न्हाई

"तिसऱ्यांदा वापस पाठवलं!" राधिकानं लॅपटॉप धाडकन मिटला. साखऱ्याच्या माळावर या एका लिंबाखालीच नेटवर्क बराबर येतं.

शेजारची नर्मदाकाकू तिथंच मेंढरं चारून राहिली होती. "त्याला काहून आपटती? त्यानं काय केलं?"

"फोनच्या आतला कारभारी असतो ना काकू, कर्नेल म्हणतात त्याला, त्याच्यातली चूक मी दुरुस्त करून राहिले. दोन महिने झाले. आज जमलं न्हाई तर माझी दुरुस्ती काढून टाकतो म्हणला तिकडचा तपासणारा."

"असं अवघड काय हाय त्यात?"

"आत मेमरीच्या खोल्या असतात. हर खोलीला पत्ता. पत्त्याच्या माथ्यावर एक खूण, खोलीवरबी तीच. जुळली तरच आत घेतात. पन खोली कोन्या गल्लीत हाय ते हुडकताना खूण मधी येते, नंबरच चुकतो. म्हणून पत्ता आल्याआल्या मी त्याची खूणच पुसली."

"मंग?"

"गल्ली घावते. दारातून हाकलतात."

काकूनं मेंढरांकडं बघितलं. सगळ्यांच्या कपाळावर लाल पट्टा. "मोजताना मी रंग बघते का गं? नुसती मुंडकी मोजते. म्हणून काय रंग खरडून टाकते? सांजच्याला कोंडायला वाडग्यात घेताना आपलं मेंढरू कशावरून वळखू, तुझ्या तोंडावरून?"

राधिकानं लॅपटॉप उघडला. पत्त्याची एक नक्कल काढली. खूण फक्त नकलेची पुसली, अन् हुडकायला ती लावली. दारात मात्र खरा पत्ता, खुणेसकट. चार ओळींचं काम. चाचणी लावली. तीनदा जिथं बंद पडली होती, तिथून पुढं गेली. पार शेवटपर्यंत गेली.

"काकू, तुमचं नाव लिहू का? ज्यानं सुचवलं त्याचं नाव खाली लिहायची रीत हाय आमच्यात. पन विचारल्याबिगर न्हाई."

"माझं कशाला?" काकू लाजली. जराशानं म्हणाली, "लिहितीच तर आधी गंगूताई लिही. माझी सासू. आता न्हाई ती, पन मेंढराला रंग लावायला तिनंच शिकवलं. माझं तिच्या खाली."

राधिकानं दोन नावं लिहिली. तिसरं तिचं स्वतःचं, सगळ्यात खाली.

"यातलं सासूचं कोनतं?"

राधिकानं दाखवलं. काकूनं पदराला हात पुसला, त्या नावावर बोट टेकवलं, अन् तेच बोट कपाळाला लावलं.

"हां. आता पाठव."