नखातला तांबूस पट्टा

माहेरी आलेल्या अनसूच्या हातात तिचा बाप, सोनबा कासार, बांगड्या भरत होता. जन्मभर बायांचे हात दाबले त्यानं, पण लेकीची नखं दिसली नि हात जागीच थांबला. चार नखांत मुळापासून तांबूस पट्टे उठले होते. विसरायचं इंजेक्शन टोचलं की नखात असा पट्टा उठतो. एक पट्टा म्हणजे एक आठवण पुसलेली.

"पोरी, दवाखान्यात कुणी नेलं होतं तुला?"

"कुठला दवाखाना, आबा? मला काय धाड भरलीय? सासरची माणसं जीव लावतात."

"मग मनगटावर हा भाजल्याचा वण कशाचा?"

अनसू वणाकडं बघतच राहिली, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यागत.

सोनबानं बांगड्या बाजूला सारल्या. "तू परत जायचं नाहीस. जावयाच्या दारात जाऊन मीच जाब विचारतो."

"विचारा की. पण आबा, तुमच्या अंगठ्याला काय झालंय?"

त्यानं अंगठा उजेडात धरला. नखाच्या मुळाशी कोवळा तांबूस पट्टा होता. मागच्या महिन्यात जावयाच्या गावाला जायला एसटीत बसलेलं त्याला आठवत होतं. परत येताना हातात पेढ्यांचा पुडा होता, तेही आठवत होतं. मधला अख्खा दिवस मात्र काही केल्या आठवेना.