खात्रीचं मांस

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा मेंदू पोखरणारा रोग आल्यापासून ऑरिन आपल्या शिकारीचं मुंडकं न चुकता तपासणीला द्यायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला मांसाला हात लावू द्यायचा नाही. माणसाला तो रोग होतो की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पण विषाची परीक्षा घ्या कशाला? मेहुणा लॉयड त्याला 'भित्रा भागूबाई' म्हणून चिडवायचा. यंदा दोघांची हरणं खाटकाकडे पोहोचवायला मात्र तोच गेला होता.

आज ऑरिनचा रिपोर्ट आला. हरीण निरोगी! त्याने लगेच खाटकाने त्या हरणाचे करून दिलेले सॉसेज फ्रीजरमधून काढून तळले, पहिला तुकडा नातीला भरवला आणि बघता बघता सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. तेवढ्यात बुटांवरचा बर्फ झटकत लॉयड आत आला. चेहरा पार उतरलेला.

"दाजी, तुमच्या टोमण्यांना कंटाळून यंदा मीही मुंडकं दिलं होतं. माझ्या हरणाला तो रोग निघाला."

"बघ! कानीकपाळी ओरडत होतो ना मी?" ऑरिनला हसू आवरेना. "आता तुझं सगळं टाक कचऱ्यात, आणि बस इथे. आमचं खात्रीचं खा."

लॉयड रिकाम्या ताटांकडे बघत राहिला.



"दाजी, तुमचं हरीण अगदीच हाडकुळं होतं हो... ताई हिरमुसेल म्हणून खाटकाला सांगून माझंच निम्मं मांस तुमच्या सॉसेजमध्ये घालायला लावलं होतं."