एकच हरकत

"कोणाची हरकत?" अध्यक्ष गस बोमनने विचारलं, आणि व्हर्ना स्कोग्लंडने हात वर केला.

कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतल्या त्या लांबलचक खोलीत सकाळी दहा वाजता सगळी मिळून आठ माणसं होती. पाच बांधकाम परवाना मंडळाची, एक नियोजन खात्यातली ट्रुडी, एक अर्जदार आणि एक व्हर्ना. अर्ज लाइल हेन्ड्रीचा होता. त्याला टेकडीमागे ओढ्याकाठी घर बांधायचं होतं. नियम असा की ओढ्यापासून शंभर फूट सोडायचे. लाइलचं घर साठ फुटांवर येत होतं. अशी सवलत द्यायची तर आधी शेजाऱ्यांना विचारावं लागतं. ट्रुडीने रीतसर पत्र पाठवलं होतं. एकच. लाइलला शेजारी एकच होता.

व्हर्ना उभी राहिली. वय एकाहत्तर. बोमनला तिनेच पाढे शिकवले होते, आणि तो अजून तिला बाई म्हणायचा.

"बोला बाई. ओढ्याच्या पाण्याचं काही म्हणणं आहे का?"

"नाही."

"मग सांडपाणी? का रस्ता? तुमच्या कुंपणाला काही..."

"गस, मला बोलू देशील का? वर्गातसुद्धा तू असाच मधे तोंड घालायचास."

मंडळी हसली. व्हर्ना हसली नाही. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलेला. चाळीस मैल गाडी हाकताना तिने तो मोठ्याने म्हणूनही पाहिला होता. आता उघडला, तर त्यातलं एकही वाक्य तिला स्वतःचं वाटेना.

बिलिंग्ज शहरात राहणारी तिची मुलगी कार्ला गेले वर्षभर मागे लागली होती. तिथल्या वृद्धांच्या घरात आईसाठी एक खोली तिने बघून ठेवली होती. "त्या माळावर तू पडलीस तर कोणाला कळणार आहे, आई?" ती दर रविवारी फोनवर विचारायची. व्हर्नाचं उत्तर ठरलेलं असायचं, "समोर माणूस राहतो. त्याचा दिवा मला दिसतो." त्या माणसाशी आपण दोन वर्षांत एक शब्दही बोललेलो नाही, हे मात्र तिने कार्लाला सांगितलं नव्हतं. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या की तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, ती एक बोट उचलायची. शेजारधर्म एवढाच.

आणि तो दिवाही घराचा नव्हता, ट्रेलरचा, चाकांवरच्या तात्पुरत्या घराचा होता. घर बांधून होईपर्यंत ट्रेलरमध्ये राहायला कौंटीची परवानगी असते. घर झालं की ट्रेलर हलवायचा.

"माझी हरकत अशी आहे," व्हर्ना म्हणाली, "की हे घर फार लांब आहे."

ट्रुडीने नकाशातून डोकं वर काढलं. "ओढ्याच्या फार जवळ आहे, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"ओढ्याशी मला काय करायचंय? माझ्यापासून लांब आहे." कागद तिने पुन्हा मिटला. "माझा नवरा ओरिन गेल्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळी भांडी घासताना खिडकीतून हेन्ड्रींच्या ट्रेलरचा दिवा दिसतो. मैलभरावर, एवढासा. बाकी चारी दिशांना काही नाही. हे टेकडीमागे गेले की तोही नाही. ह्यांनी माझ्याकडे यावं, बोलावं, असं काही माझं म्हणणं नाही. फक्त घर टेकडीच्या अलीकडे बांधायला सांगा."

व्हर्नाचे कान तापले. जे पोटच्या मुलीला सांगितलं नाही, ते तिने आपल्याच जुन्या विद्यार्थ्यापुढे बोलून टाकलं होतं.

बोमनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "माणसाला लांब सरकवायचे नियम आमच्याकडे पोतंभर आहेत. जवळ आणायचा एकही नाही. ही हरकत मला धरताच येत नाही हो."

"बरं," व्हर्ना म्हणाली आणि खाली बसली. कोटाची बटणं लावू लागली, तर एक चुकलं आणि पुढची सगळी चुकत गेली. बाहेर गेल्याबरोबर गाडीतूनच कार्लाला फोन करायचा, तिने ठरवलं. बिलिंग्जच्या त्या खोलीला हो म्हणून टाकायचं.

"अर्जदाराला काही सांगायचंय?"

लाइल हेन्ड्री उठला. साठीचा, उंच, खांद्यात वाकलेला. टोपी हातातल्या हातात फिरवत तो ट्रुडीकडे बघून बोलला, व्हर्नाकडे नाही.

"अर्ज मागे घेतो. सपाटीवरच बांधतो. आत्ता ट्रेलर आहे तिथे."

ट्रुडीने पेन टेबलावर टाकलं. "अहो हेन्ड्री, सपाटीवर सवलतच लागत नाही! मार्चपासून मी घसा कोरडा करून तुम्हाला हेच सांगतेय. तीन वेळा नकाशे बदलून आणलेत तुम्ही. मग त्या ओढ्याचा एवढा हट्ट कशासाठी धरला होतात?"

लाइलची मान लाल झाली.

"ट्रेलरमधून ह्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो," तो म्हणाला. "तो लागल्याशिवाय मला जेवायला बसवत नाही. दोन वर्षं झाली. एकट्या बाईच्या खिडकीकडे असं रोज बघत बसणं बरं नव्हे, म्हणून टेकडीमागे निघालो होतो."