राहणार नांदेड

“अम्मा, लोकल लोगां को रखने का नै,” मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला. “मालक बोले सो रूल है. मैं क्या करूँ?”

रजनीबाईंनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. तिच्यात एक पातळ, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डबाभर शंकरपाळे होते. हिमायतनगरच्या या नव्या इमारतीतले फ्लॅट दिवसाच्या भाड्याने मिळत. अमेरिकेहून आलेला त्यांचा मुलगा विकास बायको आणि मुलीसह त्यातल्याच एकात उतरला होता. याच शहरातल्या अंबरपेठच्या घरी पाणी दिवसाआड येतं आणि पोरीला एसीशिवाय झोप लागत नाही, हे त्याने निघण्याआधीच फोनवर सांगून टाकलं होतं. उद्या संध्याकाळी त्यांचं विमान. दहा दिवसांत नात एकदाही आजीजवळ झोपली नव्हती. आता ही एकच रात्र उरली होती.

“ऊपर मेरा बेटा रहता है,” रजनीबाई म्हणाल्या. “बेटे के घर में माँ को रूल?”

“घर नै ना अम्मा, फ्लॅट है.”

“आई, सगळीकडे असंच असतं,” त्यांना घ्यायला खाली आलेला विकास म्हणाला. “त्यांची पॉलिसी असते.”

“दहा दिवस तुझी पॉलिसी ऐकली. आता त्यांची ऐकते.”

सहा वर्षांची प्रणिता लिफ्टच्या दारात पाय अडवून उभी होती. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई सारखी दरवाजा बंद करण्याची विनंती करत होती. “आजी, come ना,” प्रणिता म्हणाली. “ही लेडी रागावतेय.”

मॅनेजरने पोरीकडे पाहिलं, बाहेरच्या दाराकडे पाहिलं आणि जाड रजिस्टर पुढे सरकवलं. “कार्ड-वार्ड नक्को. बाहरगाँव का पता लिख दो, बस. मैं देखाच नै.”

रजनीबाईंना पोचवायला आलेले त्यांचे यजमान अनंतराव एव्हाना पेन काढून उभे होते. जिथे रजिस्टर तिथे त्यांचा हात आपोआप जाई. छत्तीस वर्षं जमिनीचे दस्त नोंदवण्यात गेली होती. त्यांनी बायकोचं नाव लिहिलं, वय त्रेसष्ट लिहिलं आणि पत्त्याच्या रकान्याशी थांबले.

“नांदेड लिहा,” रजनीबाई म्हणाल्या.

“नांदेडला तुझा भाऊ राहतो.”

“माझं माहेर आहे ते.”

“माहेर वेगळं, पत्ता वेगळा.”

“अहो, हे काही खरेदीखत नाही.”

“रजिस्टर तर आहे.”

रजनीबाईंनी डोळे मिटून घेतले. लहानग्या विकासला पाचवं वर्ष संपून दोन महिने झाले, हे कंडक्टरने न विचारता सांगून त्याचं तिकीट काढणारा अख्ख्या बसमध्ये हा एकटाच बाप होता. तेव्हापासून त्या हेच ऐकत होत्या. लिफ्टमधली बाई पुन्हा बोलली.

“बाबा, लिहून टाका ना,” विकास म्हणाला. “कोण बघतंय?”

“तू त्या माणसाशी भांडायचं सोडून बापाला शिकवू नकोस,” रजनीबाई त्याच्यावर उखडल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “तुमच्या कचेरीत लोक येऊन सांगायचे ते सगळं खरं असायचं का?”

“ते त्यांचं त्यांना ठाऊक. पक्षकार सांगेल ते लिहायचं. खाली त्याची सही घ्यायची.”

रजनीबाईंनी रजिस्टर त्यांच्याकडे आणखी सरकवलं.

“मग मी पक्षकार,” त्या म्हणाल्या. “मी सांगते. राहणार नांदेड. लिहा.”

अनंतरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “तू सांगतेस?”

“मी सांगते.”

“सही करशील?”

“अंगठासुद्धा देते.”

त्यांनी लिहिलं. एकेक अक्षर वळणदार. मग रजिस्टर फिरवून, सहीच्या जागी बोट ठेवलं. रजनीबाईंनी इतक्या जोराने सही केली की ती पुढच्या पानावर उमटली.

“और आप, साब?” मॅनेजरने विचारलं. “आप भी नांदेड?”

“नाही. मी अंबरपेठ.” आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, “पहाटे पाणी यायचंय. घरी कुणीतरी हवंच.”

“तो फिर विजिटर के बुक में लिखना पड़ता, साब. आए सो टाइम, जाते सो टाइम.” मॅनेजरने दुसरी, पातळशी वही काढली.

रजनीबाई पिशवी उचलून लिफ्टकडे निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्यांनी मागे पाहिलं. एवढीशी वही, पण हा माणूस अजून वाकून लिहितच होता. न राहवून त्या परत आल्या. नाव, अंबरपेठ, येण्याची वेळ, सगळं जागच्या जागी होतं. कोणाला भेटायला आलात, याच्या पुढे मात्र मुलाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: सौ. रजनी, राहणार नांदेड.

“आता हे कोणत्या पक्षकाराने सांगितलं?”

“मोठ्या रजिस्टरात तशी नोंद झाली आहे,” अनंतराव म्हणाले. “दोन्हीकडे जुळलं पाहिजे.”

त्यांनी नात्याच्या रकान्यात ‘पती’ लिहिलं. मनगटावरचं घड्याळ पाहून जाण्याची वेळ टाकली, सहा बावन्न. पेनला टोपण लावलं, खिशाला अडकवलं आणि मॅनेजरला विचारलं,

“कल सुबह मिलने का टाइम कितने बजे से है?”