एका दिवसाचा खंड

"सलग दहा वर्षं सरकारी सेवा हवी, सिस्टर." जिल्हा कार्यालयातल्या बाबूंनी माझा अर्ज परत सरकवला. "तरच नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज माफ. तुमच्या सेवेत तर दरवर्षी खंड आहे."

माझी नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी एक दिवस कागदावर घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर देतात.

मी पिशवीतून उपकेंद्राचं प्रसूतीचं रजिस्टर काढलं. "खंडाच्या दिवशी बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत, भाऊ. ही जुळी बघा, ही पायाळू मुलगी. खाली सही माझीच आहे."

त्यांनी तारखा वाचल्या आणि रजिस्टर हळूच मिटलं. "हे कुणाला दाखवू नका. नोकरीत नसताना बाळंतपणं केली म्हणून तुमच्यावरच कारवाई होईल."

तेवढ्यात गावातल्या आशाताईंचा फोन आला. "सिस्टर, वनिताला कळा सुरू झाल्यात. पोचाल ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. यंदाचा खंड आजच होता, म्हणून तर मला इथं यायला सवड मिळाली होती.

"पाणी तापत ठेवा," मी उठत म्हणाले. "दोनची एसटी धरते. रजिस्टर माझ्याजवळच आहे."